पाण्यातले घड्याळ आणि खिशातले पैसे

आमच्या घरात पहिले ‘वॉटरप्रूफ’ घड्याळ आले ते १९६२ साली, वडिलांच्या लग्नात. सासऱ्यांनी जावयाला घड्याळ द्यायचे, ही तेव्हाची रीतच होती. ज्याची ऐपत असे तो परदेशी बनावटीचे देई, ज्याची नसे तो कर्ज काढून देई. वडिलांच्या त्या घड्याळाच्या पाठीवर गोलाकार इंग्रजी अक्षरे कोरलेली होती आणि त्यांतला ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द ते आल्यागेल्याला भिंगातून दाखवीत. पाण्याजवळ मात्र त्यांनी ते घड्याळ कधी नेले नाही. हात धुण्यापूर्वी ते काढून खिशात ठेवायचे, अंघोळीपूर्वी फडताळात. पाऊस आला की छत्री उघडायच्या आधी घड्याळ रुमालात गुंडाळले जाई. ‘वॉटरप्रूफ आहे ना? मग?’ असे आईने विचारले की म्हणत, ‘आहे, म्हणून काय भिजवायचे?’

वडील गेल्यावर घड्याळ माझ्याकडे आले. २००८ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही तारकर्लीला गेलो होतो. मुलगी तेव्हा चौथीत. तिचा हात धरून मी समुद्रात शिरलो तो घड्याळ मनगटावर ठेवूनच. विसरलो होतो असे नाही. पाठीवरचा शब्द मला लहानपणापासून पाठ होता. पंधरा-वीस मिनिटांनी काचेच्या आतून धुके आले. संध्याकाळी सेकंदकाटा थांबला.

ठाण्याला परतल्यावर आमच्या नेहमीच्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, पाठीचे झाकण उघडले आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग चिमट्याने काळपट डिंकासारखे काहीतरी उचलून दाखवले. ‘हे रबर होते,’ ते म्हणाले. ‘इतक्या वर्षांत ह्याला कोणी हात लावलेला दिसत नाही. पाणी गोडे असते तर काही करता आले असते. खाऱ्या पाण्याने यंत्र खाल्ले.’

ते घड्याळ पुन्हा चालू झाले नाही. त्याचे सुटे भाग मिळत नाहीत. पण तेव्हापासून मला एक विचित्र छंद जडला. पाण्यात चालणाऱ्या घड्याळांविषयी मिळेल ते वाचायचे, दुकानात शिरून ती हाताळायची, आणि विक्रेत्याने ‘काढू का पावती?’ असे विचारले की गडबडीने बाहेर पडायचे. ही हौस परवडणारी नव्हती. मुलीचे शिक्षण, घराचे हप्ते, आईचे औषधपाणी यांत हौसेचे घड्याळ नेहमी शेवटच्या ओळीत गेले. त्यामुळे चांगले पण स्वस्त पाणबुडी घड्याळ कोणते, या प्रश्नाचा अभ्यास करायला मला भरपूर वर्षे मिळाली. त्या अभ्यासातून मला जे पटले ते आज सांगायचे आहे. असे घड्याळ घेताना आपण सारे पाठीवरचा मीटरचा आकडा पाहतो. खरे पाहायचे असते ते हे, की ते घड्याळ किती वर्षांनी उघडावे लागणार आहे आणि ते उघडणार कोण आहे.

मुळात अशी घड्याळे जन्माला आली ती हौशी लोकांसाठी नाहीत. पाणी आत जाऊ न देणाऱ्या डबीचा प्रयत्न जुना. रोलेक्सने १९२६ साली ‘ऑयस्टर’ नावाची पेचाने बंद होणारी डबी आणली. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही तरुणी गळ्यात ते घड्याळ अडकवून इंग्लिश खाडीत उतरली. थंडीने तिला पोहणे अर्धवट सोडावे लागले, पण दहा तासांहून अधिक काळ पाण्यात राहून घड्याळ मात्र चालूच होते. त्या एका गोष्टीवर कंपनीने केवढी जाहिरात केली! पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाणे शक्य झाले आणि वेळेला निराळाच अर्थ आला. टाकीत हवा किती उरली हे किती मिनिटे झाली यावर कळे. वेळ चुकली तर जीव जाई. १९५३ साली फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी ब्लाँपॅं कंपनीने ‘फिफ्टी फॅदम्स’ हे घड्याळ केले. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. त्याच सुमारास रोलेक्सचे ‘सबमरीनर’ आले. काळी तबकडी, अंधारात उजळणारे ठळक आकडे आणि काचेभोवती फिरणारी कडी, हा साचा तेव्हा ठरला तो आजतागायत तसाच आहे.

ही फिरती कडी म्हणजे या घड्याळाचा आत्मा. तिच्यावर साठ मिनिटांच्या खुणा आणि एक त्रिकोण असतो. पाण्यात उतरताना तो त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. मग किती मिनिटे झाली हे मनात वजाबाकी न करता कडीवर वाचता येते. चांगल्या घड्याळात ही कडी एकाच दिशेने फिरते. कारण साधे आहे. खडकाला घासून ती चुकून सरकली, तर झालेली वेळ खऱ्यापेक्षा जास्तच दिसावी, कमी दिसू नये. पाणबुड्या फार तर पाच मिनिटे आधी वर येईल, उशीर करणार नाही. चूक व्हायचीच असेल तर ती जीव वाचवणाऱ्या बाजूला व्हावी, एवढा विचार त्या एका कडीमागे आहे.

आज ‘सबमरीनर’ची किंमत कित्येक लाखांत आहे आणि ते घेणारे बहुतेक लोक ते वातानुकूलित खोलीत वापरतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण सामान्य माणसाला पाणबुडी घड्याळ परवडू लागले ते जपानमुळे. सेइकोचे पहिले असे घड्याळ १९६५ साली आले, १५० मीटरचे. १९६८ मध्ये हिरोशिमा प्रांतातल्या कुरे गावातून एका व्यावसायिक पाणबुड्याचे कंपनीला पत्र आले की, आम्ही ज्या खोलीवर दिवसदिवस काम करतो तिथे तुमची घड्याळे टिकत नाहीत. कंपनीने ते पत्र फाइलला लावून ठेवले नाही. सात वर्षे खपून १९७५ साली ६०० मीटरचे घड्याळ बाजारात आणले. ग्राहकाचे तक्रारपत्र गांभीर्याने घेतले की काय होते, याचे हे उदाहरण आपल्याकडच्या कार्यालयांत लावून ठेवण्यासारखे आहे.

त्याच घराण्यात १९९६ च्या सुमारास ‘एसकेएक्स ००७’ आले. चावी न देता मनगटाच्या हालचालीवर चालणारे, २०० मीटरचे, पेचाची चावी असलेले हे घड्याळ. पुढे बरीच वर्षे परदेशात ते २०० डॉलरच्या आसपास मिळे. जगभरच्या तुटपुंज्या खिशाच्या शौकिनांचे ते पहिले घड्याळ ठरले. २०१९ साली ते बंद झाले आणि त्याच चेहऱ्यामोहऱ्याची नवी ‘फाइव्ह स्पोर्ट्‌स’ मालिका आली. दिसायला सख्खा भाऊ, पण क्षमता १०० मीटर, चावी साधी, पेचाची नाही. कंपनीने यात लपवाछपवी केलेली नाही. तबकडीवर ‘डायव्हर्स’ हा शब्दच नाही. पण दुकानात काचेपलीकडून पाहणाऱ्याला फरक कसा कळावा? फिरती कडी दिसली की पाणबुडी घड्याळ, असे समजणारे हजारो आहेत. मीही त्यांतला एक होतो.

म्हणून आधी आकड्यांचा घोळ निस्तरला पाहिजे. घड्याळावर ‘३० मीटर’ लिहिलेले असते म्हणजे ते घालून तीस मीटर खोल जावे असे नव्हे. तो आकडा म्हणजे कारखान्यात नव्या घड्याळाने किती दाब सोसला याचा हिशेब. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो, त्यावरून तो मीटरमध्ये लिहितात. कंपन्यांच्याच सूचना वाचा: तीस मीटरवाल्याने हात धुणे आणि पावसाचे शिंतोडे सोसावेत, पन्नासवाल्याने फार तर बेताचे पोहणे, शंभरवाल्याने पोहणे आणि तोंडात नळी धरून वरवर तरंगणे, आणि टाकी बांधून खाली जायचे असेल तर दोनशे.

यामागे एक समजूत सांगितली जाते की, पोहताना हात मारल्यावर दाब कित्येक पटींनी वाढतो. हिशेब केला तर हाताच्या फटकाऱ्याने वाढणारा दाब मीटर-दोन मीटर पाण्याएवढाच भरतो. खरे कारण निराळे आहे. चाचणी नव्या घड्याळाची होते, थोडा वेळ आणि शांत पाण्यात होते. आपण वापरतो ते घड्याळ जुने असते, रबर सुकलेले असते, चावी कधी अर्धवट ओढलेली असते. त्यात आपल्याकडे अंघोळ म्हणजे बादलीभर कढत पाणी आणि साबण. गरम पाण्याने डबी आणि रबर सारख्या प्रमाणात फुगत नाहीत आणि साबणाच्या पाण्याला फट शोधायला वेळ लागत नाही. समुद्रापेक्षा न्हाणीघराने मारलेली घड्याळे अधिक असतील, असे आमचे घड्याळजी म्हणतात ते काही खोटे नाही.

साध्या जलरोधक घड्याळांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे ते आयएसओ २२८१०. त्यात नमुना तपासला तरी चालतो. खऱ्या पाणबुडी घड्याळांचे मानक आहे आयएसओ ६४२५. त्याची परीक्षा कडक. किमान १०० मीटरची क्षमता हवी आणि लिहिलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्के जास्त दाबाखाली प्रत्येक घड्याळ, नुसता नमुना नव्हे, तपासलेले हवे. अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे आणि घड्याळ चालू आहे हेही दिसले पाहिजे. म्हणून सेकंदकाट्यावर उजळणारा ठिपका असतो. खारे पाणी, धक्के, चुंबक, सारे सोसले पाहिजे. ही परीक्षा पास झालेल्या घड्याळावर ‘डायव्हर्स’ असे शब्द आणि पुढे मीटर लिहितात. तेव्हा दुकानात गेल्यावर आधी हा शब्द शोधावा, मग आकडा.

आणि आकडा दोनशे असला की पुरे. हौशी पाणबुड्यांच्या प्रशिक्षणात पहिल्या परवान्याची मर्यादा १८ मीटर असते आणि पुढचे प्रशिक्षण घेतलेल्यालाही ४० मीटरच्या खाली जाऊ देत नाहीत. पाचशे आणि हजार मीटरची घड्याळे विकली जातात, ती घेणारेही आहेत. पण त्या खोलीवर घड्याळ शाबूत राहिले तरी मालकाचे काय, हा प्रश्न उरतोच.

आता बाजारात जाऊ. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत प्रामाणिक म्हणून कॅसिओचे ‘ड्युरो’ सांगावे लागेल. दोनशे मीटर, पेचाची चावी, फिरती कडी आणि अमेरिकेत शंभर डॉलरच्या आत किंमत. बिल गेट्स यांच्या मनगटावर ते दिसल्यापासून त्याला एक गमतीदार प्रतिष्ठा आली आहे. ज्यांना जगातले कोणतेही घड्याळ परवडते त्यांना हे पुरते, तर आपण कोण? त्याची एकच खोट. ते सेलवर चालते आणि सेल सुमारे तीन वर्षांत बदलावा लागतो. याकडे मी पुन्हा येणार आहे.

दुसरे ओरिएंट. ही जुनी जपानी कंपनी आता सेइको एप्सनच्या घरात आहे. तिची ‘माको’ आणि ‘कामासू’ ही ऑटोमॅटिक घड्याळे पैशाच्या मानाने फार देखणी. ‘कामासू’ला नीलमण्याची, म्हणजे सहसा चरा न पडणारी काच आहे. दोनशे मीटर आहे, पेचाची चावी आहे. तबकडीवर ‘डायव्हर्स’ मात्र नाही. पोहणाऱ्याला उत्तम, टाकी बांधणाऱ्याने विचार करावा. तिसरे सेइकोचेच ‘प्रॉस्पेक्स’. ‘डायव्हर्स’ लिहिलेली खरी घड्याळे या मालिकेत मिळतात, पण ‘एसकेएक्स’च्या काळातल्या किमती विसरायच्या. शिवाय त्यातल्या स्वस्त यंत्राची अचूकता कंपनीच अधिक ४५ ते उणे ३५ सेकंद रोज अशी सांगते. आठवड्यात पाच मिनिटे पुढे गेले तर तक्रार करता येणार नाही. ज्याला लोकल पकडायची आहे त्याने हे समजून घ्यावे.

चौथे रशियाचे ‘अँफिबिया’. १९६७ साली सोव्हिएत कारखान्यात याची रचना झाली, आणि ती करणाऱ्यांची अक्कल वाखाणण्यासारखी. पाश्चात्त्यांसारखी सूक्ष्म यंत्रसामग्री हाताशी नव्हती, म्हणून त्यांनी अशी डबी केली की पाण्याचा दाब जितका वाढेल तितकी काच आणि पाठीचे झाकण रबरावर अधिकच घट्ट बसावे. शत्रूच्या जोरावरच तटबंदी मजबूत करायची! पण २०२२ नंतर युद्ध आणि निर्बंध यांमुळे ते मागवणे कटकटीचे झाले आहे. पाचवे म्हणजे स्वॉच आणि ब्लाँपॅं यांनी मिळून २०२३ साली आणलेले रंगीत ‘फिफ्टी फॅदम्स’. नाव खानदानी, तेव्हाची किंमत ४०० डॉलर. पण आतले यंत्र दुरुस्तीसाठी केलेलेच नाही. बिघडले की बदला. जुन्या वळणाच्या माझ्या मनाला हे पटत नाही. चारशे डॉलरची वस्तू एकदा बिघडली की फेकायची, याला मी स्वस्त म्हणत नाही.

सहावे सिटिझनचे ‘प्रोमास्टर’. एचएमटीने १९६१ साली बंगळुरात घड्याळे करायला घेतली ती याच सिटिझनच्या सहकार्याने, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांच्या मनगटावर या घराण्याचे नातेवाईक होऊन गेलेले आहेत. प्रोमास्टर मालिकेतले ‘इको ड्राइव्ह’ पाणबुडी घड्याळ प्रकाशावर चालते. तबकडीतून आत गेलेल्या उजेडाने त्यातला साठा भरतो आणि एकदा पूर्ण भरला की अंधारातही सुमारे सहा महिने पुरतो. ‘डायव्हर्स २०० मीटर’ असे त्यावर लिहिलेले असते. आणि त्याला वेळोवेळी सेल बदलावा लागत नाही.

इथे मी मघाच्या मुद्द्यावर येतो. सेल बदलावा लागत नाही, हा नुसता शंभर-दोनशे रुपयांच्या बचतीचा प्रश्न नाही. आपल्याकडे सेल बदलला जातो कुठे? स्टेशनबाहेरच्या टपरीवर. दुकानदार पातळ सुरीने किंवा पान्याने झाकण उघडतो, सेल घालतो, झाकण दाबतो, पाच मिनिटांत घड्याळ हातात. त्या माणसाचे कौशल्य मी नाकारत नाही. त्याच्यामुळे निम्मे शहर वेळेवर चालते. पण रबरी कडी चिमटली का, तिला ग्रीस लावले का, झाकण बसल्यावर घड्याळ दाबाच्या यंत्रात तपासले का, हे त्याच्या कामात बसत नाही आणि आपण दिलेल्या पैशांतही बसत नाही. त्या क्षणी घड्याळाचे दोनशे मीटर संपतात. पाठीवरचा आकडा तसाच असतो, जसा माझ्या वडिलांच्या घड्याळावरचा शब्द होता.

ऑटोमॅटिक घड्याळाला सेल नाही, पण त्याला चार-पाच वर्षांनी तेलपाणी लागते, आणि स्वस्त घड्याळाच्या बाबतीत चांगल्या जागी केलेल्या तेलपाण्याचा खर्च घड्याळाच्या किमतीच्या अंगावर येतो. मग माणूस टाळाटाळ करतो. टाळाटाळ म्हणजे जुने रबर, आणि जुने रबर म्हणजे काचेतले धुके. म्हणून बेताच्या पैशात, आणि खरोखर पाण्यात नेण्यासाठी घड्याळ हवे असेल, तर प्रकाशावर चालणारे, ‘डायव्हर्स’ लिहिलेले घड्याळ घ्यावे असे माझे मत आहे. जे कमीत कमी वेळा उघडावे लागते तेच सर्वांत जास्त काळ बंद राहते.

शौकिनांना हे मत अरसिक वाटेल. मला स्वतःलाही वाटते. कानाशी धरल्यावर ऑटोमॅटिकची जी टिकटिक ऐकू येते, काटा जसा न थांबता वाहत जातो, ते सुख दुसऱ्या घड्याळात नाही. पण ज्याला ते सुख हवे आहे त्याने ते उघड कबूल करून घ्यावे, पोहण्यापुरते वापरावे, आणि तेलपाण्याचे पैसे घड्याळ घेतानाच बाजूला काढावेत. मनात ऑटोमॅटिकची ओढ आणि तोंडाने समुद्राचे कारण, असे केले की आपण स्वतःलाच फसवतो.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. आजचे पाणबुडे मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर बांधतात. खोली, वेळ, वर यायचा वेग, सारे त्यावर दिसते. फिरत्या कडीवर आज कोणाचा जीव अवलंबून नाही. मग ही घड्याळे म्हणजे निव्वळ मिरवणे नव्हे काय? बरेचसे खरे आहे. पण कॉम्प्युटर बंद पडला तर जोडीला साधे घड्याळ असावे असे मानणारे अनुभवी लोक आहेत. आणि आम्हा बाकीच्यांसाठी हे घड्याळ म्हणजे पावसाळ्यात, पोहण्याच्या तलावात, कोकणच्या किनाऱ्यावर काढून ठेवावे न लागणारी वस्तू. मुंबईच्या पावसात भिजत घरी पोहोचणाऱ्या माणसाला याची किंमत समजावून सांगायला नको.

‘हौसेला मोल नाही’ असे आपली भाषा म्हणते आणि तीच भाषा ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असेही म्हणते. मध्यमवर्गीय माणूस जन्मभर या दोन म्हणींच्या मध्ये उभा असतो. माझ्यापुरता मी तोडगा काढला तो असा. महिन्याच्या पेन्शनच्या निम्म्याहून जास्त रक्कम नाही. हप्त्यांवर नाही; हौसेवर व्याज भरू लागलो की ती हौस राहत नाही. नक्कल तर मुळीच नाही. ‘फर्स्ट कॉपी’ या गोंडस नावाने जे विकले जाते त्यावर तीनशे मीटर लिहिलेले असते आणि ते एका पावसात भरते. पैसे थोडे असणे ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, पण मनगटावर खोटे नाव घालून हिंडणे आहे.

जुन्या घड्याळांचा मोहही जपूनच धरावा. जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द रूढ आहे, आणि तो कौतुकाचा नाही. जुनी घड्याळे इकडचा भाग तिकडे जोडून, तबकडी भडक रंगात नव्याने रंगवून विकली जातात, त्यांना हे नाव आहे. जे कारागीर हे करतात त्यांच्या हातात जादू आहे, आणि तबकडी पुसून नवे नाव लिहिण्याऐवजी जुने ते जुने म्हणून नीट करून विकले, तर हेच नाव अभिमानाने घेता येईल. तोवर अशा घड्याळात ‘डायव्हर’ हा शब्द दिसला तरी ते पाण्यापासून दूर ठेवलेले बरे.

घेतल्यावर राखायचे कसे, हे थोडक्यात. पाण्यात जाण्याआधी चावी पूर्ण आत दाबून पेच बसला आहे ना, ते बोटाने पाहावे. ओल्या हाताने किंवा पाण्यात चावी ओढू नये. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याखाली धुवावे आणि कडी दोन-चार वेळा फिरवावी, म्हणजे वाळू-मीठ निघते. गरम पाण्यापासून लांब ठेवावे. दोन-तीन वर्षांतून एकदा कंपनीच्या सेवाकेंद्रात दाबाची चाचणी करून रबर बदलून घ्यावे. खर्च होतो, पण त्यावरच आकडा खरा राहतो. पट्टा रबराचा किंवा नायलॉनचा असावा. चामड्याला समुद्र सोसत नाही.

तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर मी ते प्रकाशावर चालणारे घड्याळ घेतले. फिरत्या कडीचा पहिला उपयोग स्वयंपाकघरात झाला. आमच्याकडे कुकर शिट्ट्यांवर चालतो, मिनिटांवर नाही. पण राजमा शिजायला ठेवताना शिट्टीनंतर मंद आचेवर वीस मिनिटे मोजायची असतात. ती आता माझ्या मनगटावर मोजली जातात. ‘एवढे पैसे घालून कुकर बघायला माणूस मिळाला,’ असे सौभाग्यवती म्हणाल्या. मी ते कौतुक समजतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा तारकर्लीला गेलो. पर्यटन महामंडळाचे तिथे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. चौथीतली मुलगी आता नोकरी करते. पाण्याखाली जायचे ते तिलाच. जाताना तिने हात पुढे केला आणि मी घड्याळ काढून तिच्या मनगटावर बांधले. चावी दोनदा तपासली. त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणला. ती होडीने गेली आणि मी किनाऱ्यावर रिकाम्या मनगटाकडे पाहत बसलो. पाऊण तासाने परत आली तेव्हा केस निथळत होते, घड्याळ चालू होते, काच स्वच्छ होती. मासे कोणकोणते दिसले हे ती सांगत राहिली.

खोलीवर आल्यावर नळाखाली घड्याळ धुतले, कडी फिरवली, कोरडे पुसले. बाहेर पाऊस नव्हता, पाणीही नव्हते. तरी मी ते रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवले. मुलगी म्हणाली, ‘बाबा, वॉटरप्रूफ आहे ना ते?’

म्हटले, आहे. म्हणून काय भिजवायचे?